एकतीस फुल्या आणि दोन

दुकानातली सगळी डोकी एकदम मागे वळली, आणि कानमास्तरचं एकट्याचं वळलं नाही. झालं एवढंच. सकाळची चहाची वेळ, कोपऱ्यावरचं नेहमीचं दुकान, नेहमीचं डुगडुगणारं बाकडं. समोर चष्मेवाला गवंडी पेल्यावर फुंकर घालत बसलेला, त्याच्या शेजारी दोघे रंगारी कशावरून तरी फिदीफिदी हसत असलेले. आणि मग कुणीतरी एकाच दोरीने ओढावीत तशी ही सगळी तोंडं मास्तरच्या खांद्यावरून मागे गेली. एका रंगाऱ्याने डोळे गच्च मिटले. चष्मेवाल्याचा चहा हिंदकळून त्याच्या मांडीवर सांडला. मास्तरला वाटलं, कुणी साहेब आला असेल, म्हणून मग तोही वळला, सगळ्यांच्या मागून, सावकाश. दुकानदाराच्या हातून पितळेचा भलामोठा थाळा सुटला होता. पेले चारी दिशांना घरंगळत होते आणि थाळा फरशीवर कडेवर उभा राहून गरागरा फिरत होता. फिरता फिरता कलला, कलल्यावर जास्तच थरथरला, आणि मग आडवा होऊन गप्प पडला. गप्प पडला असं आपलं म्हणायचं. मास्तरच्या लेखी तो सुरुवातीपासूनच गप्प होता.

‘काय मास्तर, ढिम्म हललात नाहीत!’ चष्मेवाला मांडी झटकत म्हणाला. ‘माझा तर जीवच गेला. म्हटलं, आपली भिंत आली खाली.’

‘अरे, कानमास्तर ते,’ रंगारी म्हणाला. ‘थाळा कुठे चेपला, तेसुद्धा पाठमोरे सांगतील. वळून बघायचं तुझ्यामाझ्यासारख्या बहिऱ्यांनी.’

सगळे हसले. मास्तरही हसला. हसता हसता त्याने पहिल्यांदाच नीट लक्ष देऊन पाहिलं, की तोंडं उघडी आहेत, दात दिसतायत, खांदे गदगदा हलतायत, आणि या सगळ्यातून त्याच्यापर्यंत पोचतंय ते मात्र चार घरं पलीकडे कुणी सतरंजी झटकावी तसं काहीतरी. मग रंगाऱ्याचं वाक्य त्याने ऐकलं होतं की वाचलं होतं? समोरच्याचं तोंड दिसलं की त्याला सगळं ऐकू येई. त्यात काही विशेष आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. माणूस बोलणाऱ्याकडे बघतोच. पण आता त्याने मुद्दाम नजर खाली पेल्यावर नेली, आणि दुकान बंद झालं. म्हणजे दुकान चालूच होतं, वाफ येत होती, पाय हलत होते, पण कुणीतरी त्याचा आवाज घडी करून कपाटात ठेवून दिल्यासारखा झाला. त्याने नजर वर केली. चष्मेवाल्याचे ओठ हलले आणि आवाज परत आला. खाली. गेला. वर. आला. लहान मूल दिव्याच्या बटणाशी खेळतं तसा तो थोडा वेळ खेळत राहिला, आणि मग पेला हातात तसाच धरून बसला.

तीनचार वर्षं झाली, जग जरा हळू बोलायला लागलंय असं त्याला वाटत आलं होतं. खोटं कशाला बोला, त्याला ते बरंच वाटलं होतं. गाड्या सुधारल्या असतील, दारं चांगली बसवत असतील, माणसं शहाणी झाली असतील. आणि लेकीची आई. ती तर बोलायचीच बंद झाली होती. कशावरून रुसली हे त्याने विचारलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात रुसायला कारणांची वानवा थोडीच असते! आपणही काही कमी नाही म्हणून तोही रुसला होता. ती चुलीकडे तोंड करून भाजी चिरायची, हा तिच्या पाठीकडे बघत चपला काढायचा, आणि दोघांच्या मधे एक भिंत सरळ उभी राहत गेली, ओळंबा लावून बांधल्यासारखी. आता चहाच्या दुकानात, हातात कोमट पेला धरून, त्याला तिची ती पाठ आठवली. पाठ. तोंड नाही. कितीदा तरी ती पाठ क्षणभर थांबायची, खांदे जरासे वर जायचे, सुरी हवेत राहायची, आणि मग पुन्हा चिरणं सुरू व्हायचं. ते थांबणं म्हणजे काय होतं? उत्तराची वाट बघणं होतं?

तो पेला तसाच टाकून उठला. चष्मेवाला मागून काही म्हणाला असेल तर असेल.

भिंत दोन मिनिटांवर होती. वरचा अख्खा रस्ता अंगावर तोलून धरणारी, चार पुरुष उंच, काळ्या दगडाची, कुणी कधी बांधली याचा पत्ता नसलेली भिंत. तिच्या पायाशी चिंचोळी गल्ली, एका टोकाला वर जाणारा जिना, दुसऱ्याला नळ, आणि गल्लीत ओळीने अकरा खोल्या. वरच्या रस्त्याचं पाणी वर्षानुवर्षं आत मुरत होतं आणि भिंतीने मधोमध पोट काढलं होतं, तेव्हा कुठे वरच्या लोकांना जाग आली. खोल्या रिकाम्या करून तीन महिने काम चाललं होतं आणि आज शेवटचा दिवस होता. दुपारी परांचीच्या फळ्या उतरायच्या, उद्या गल्ली उघडायची. नळाच्या बाजूची शेवटून दुसरी खोली मास्तरच्या लेकीची. तीन महिने लेक, जावई, नात आणि त्यांच्या चार ट्रंका मास्तरच्या दोन खोल्यांत कोंबल्या होत्या. उद्या ती सगळी आपल्या घरी जाणार म्हणून घरात नुसती धांदल चालली होती.

अशा भिंतीत सगळेच दगड बदलत नसतात. काही जिवंत असतात, काही मेलेले. आणि वरून दोन्ही सारखेच दिसतात, हीच तर गंमत. त्यातही आत खोलवर गेलेले लांब दगड असतात, भिंतीची पुढची बाजू आतल्या भरावाला धरून ठेवणारे. ते आतल्या आत मोडले, तर पुढची बाजू नुसतीच उभी राहते, मन उडालेल्या माणसासारखी. पोटातलं कळायला एकच उपाय. लहान हातोडीने ठोकून ऐकायचं. जिवंत दगड खणखणतो, मेलेला बद्द बोलतो. ठोकायचं आणि खडूने खूण करायची: फुली म्हणजे काढा, रेघ म्हणजे राहू द्या. मास्तरचा बाप लहानपणी त्याला भिंतीकडे पाठ करून उभा करायचा आणि मागे ठोकत जायचा. जिवंत? मेलेला? चुकलं की पाठीत धपाटा. वर्षभरात धपाटे बंद झाले. आणि पुढे एकदा कुठल्याशा जुन्या पुलाच्या कमानीखाली, तीन तज्ज्ञ माणसं मान हलवून गेल्यावर, याने एका दगडावर फुली मारली आणि तो दगड उपसताना त्याचे हातात चार तुकडे आले, तेव्हापासून तो कानमास्तर. बाकीचे गवंडी चुना मळत, दगड घडवत, दगडांमधल्या फटी, म्हणजे दरजा, भरत. याचं काम एवढंच: सगळ्यांच्या आधी यायचं, ठोकायचं, ऐकायचं. त्याच्या खुणेवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

त्याने पिशवीतून हातोडी काढली आणि समोरच्या दगडावर घातली. काही नाही. पुन्हा घातली. हातोडी दगडाला लागलेली दिसत होती; कापसाला लागावी तशी. शेजारच्या दगडावर, खालच्या, त्याच्याही शेजारच्या. सगळे दगड तोंड मिटून बसले होते. आता मात्र त्याला खरंच घाम फुटला. आणि घाम पुसता पुसता एक प्रश्न आला, साधा, शाळेतल्या गणितासारखा. कान जर तीनचार वर्षांपूर्वीच गेले, तर दोन महिन्यांपूर्वी जिन्याकडच्या अर्ध्या भिंतीत मारलेल्या एकतीस फुल्या कुणी ऐकल्या? कारण त्या एकतीसही बरोबर होत्या. एकूण एक दगड आत फुटका निघाला होता. चष्मेवाल्याने तुकडे ओळीने मांडले होते आणि कामावरच्या इंजिनीअरबाईंनी कौतुकाने फोटो काढले होते.

मास्तर हातोडीकडे बघत राहिला. दांड्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती. चुन्याने त्याच्या तळहाताला भेगा पडल्या होत्या, घास उचलताना रक्त यायचं. एके दिवशी संध्याकाळी लेकीने त्याची पिशवी उलटी केली, हातोडी काढली, दात-ओठ खात ती पट्टी ताणून ताणून गुंडाळली, टोक आत खुपसलं आणि पैज जिंकल्यासारखी हातोडी त्याच्यापुढे नाचवली. ‘धरून बघा! आहे का नाही लोण्यासारखी?’ खरंच लोण्यासारखी होती. दुसऱ्या दिवशी तो हसत हसत फळीवर चढला होता.

त्याने खिशातला चाकू काढला आणि ट्यूब उभी चिरली. ती सापाच्या कातेसारखी गळून पडली. खालचं लाकूड घामाने काळं, गुळगुळीत. त्याने हातोडी सैल धरली, आयुष्यभर धरत आला तशी, आणि ठोकली. दगडाने घाव परत दिला. मनगटातून कोपरापर्यंत मुंग्यांची एक रांग सरसरत धावली. शेजारचा: मुंग्या. खालचा: मुंग्या. तो जिन्याच्या बाजूला गेला, काढून टाकलेल्या फुटक्या दगडांच्या ढिगापाशी, आणि त्यातल्या मोठ्यात मोठ्या तुकड्यावर ठोकलं. घाव गेला, तो गेलाच. दगडाने ठेवून घेतला. मास्तर चक्क मोठ्याने हसला. म्हणजे कान कधीच म्हातारे होऊन घरी बसले होते, आणि त्यांची नोकरी मनगट गुपचूप करत होतं, कुणालाही न सांगता, त्यालासुद्धा! पाचदहा क्षण त्याला इतकं हलकं वाटलं की गल्लीभर ठोकत सुटावं. आपण गेलो नाही. आहोत. फक्त पत्ता बदलला.

आणि मग गणिताची दुसरी ओळ आली. जिन्याकडची अर्धी भिंत उघड्या दांड्याने: एकतीस फुल्या. नळाकडची अर्धी भिंत ट्यूब बांधून: दोन.

दोन. आणि त्या दोन्हींवर चीर डोळ्यांनी दिसत होती. तेव्हा सगळ्यांना केवढा आनंद झाला होता. ‘ही बाजू जातिवंत आहे,’ असं तोच म्हणाला होता. बाईंनी त्या बाजूचं काम नुसत्या दरजा भरण्यावर ठेवलं होतं. आणि त्या सात-आठ दिवसांत, एका मागून एक रेघ ओढताना, लेकीच्या दारासमोरचा दगड पक्का, त्याच्या वरचा पक्का, असं म्हणत म्हणत तो किती खूश झाला होता! रबर बांधल्या हातोडीने ठोकत होता आणि आतून स्वतःच स्वतःला खणखणाट ऐकवत होता. माणूस जे ऐकायला टपलेला असतो ते त्याला ऐकू येतंच, त्याला कान लागत नाहीत.

तो फळीवर कसा चढला हे त्याला नंतर आठवेना. लेकीच्या खोलीसमोर उजव्या-डाव्या हाताला मिळून पाच लांब दगड होते. पाचांवरही त्याच्याच हातची पांढरी रेघ, ऐटीत ओढलेली, शेवटी जरा वळण दिलेली. त्याने पहिल्यावर ठोकलं. घाव परत आला नाही. दुसऱ्यावर. नाही. तिसऱ्यावर जरासा आला, दाराच्या फटीतून हात बाहेर काढल्यासारखा, आणि आत गेला. चौथा, पाचवा. नाही, नाही. दरजांमधला चुना अजून ओला होता. ओल्या चुन्याने दगड थोडा जड बोलतो हे त्याला ठाऊक होतं, आणि क्षणभर त्याने त्या चुन्याला बुडत्याने फांदी धरावी तसं धरून पाहिलं. पण ओल्या चुन्यातला दगड पेंगत असतो. हे पेंगत नव्हते.

चष्मेवाला फळीवर येऊन उभा राहिलेला त्याला पायाखालच्या हेलकाव्यावरून कळला.

‘पोरा, ही बाजू मेली आहे,’ मास्तर म्हणाला. पन्नाशीच्या माणसाला तो अजून पोरा म्हणायचा.

‘सकाळी सकाळी चेष्टा नको, मास्तर.’

‘मला ऐकू येत नाही. थाळा पडला तेव्हा मी वळलो नाही, बघितलंस ना? कान गेलेत माझे. आणि ही पट्टी होती दांड्यावर. मी ह्या बाजूला काहीही खुणा केल्यात. आंधळ्याने वाचल्यासारख्या. हे घे, तू ठोक. तूच सांग.’

चष्मेवाल्याने हातोडी घेतली. चष्मा वर ढकलला. पहिल्या लांब दगडावर ठोकलं, मान तिरकी केली, आणि मास्तरकडे बघितलं. दुसऱ्यावर ठोकलं, मास्तरकडे बघितलं. तिसऱ्यावर ठोकलं.

‘दगडाकडे बघ ना, माझ्याकडे काय बघतोस!’

‘बरे आहेत की,’ चष्मेवाला म्हणाला. ‘चांगले बोलतायत.’

‘काय बोलतायत? खण की बद्द?’

‘खणच... म्हणजे, तसं म्हटलं तर...’ त्याने हातोडी खाली धरली. त्याचा चेहरा एकदम इतका लहान झाला, की मास्तरला पंचवीस वर्षांपूर्वी काम मागायला आलेला हडकुळा माणूस समोर दिसला. ‘मास्तर, रागवू नका. मला ते कधी जमलंच नाही. मला सगळे सारखेच ऐकू येतात. मी तुमच्या तोंडाकडे बघायचो. दगड मेलेला असला, की तुमची डावी भुवई जरा खाली यायची. त्यावरून मी सांगायचो.’

‘पंचवीस वर्षं?’

‘तुम्ही होतात ना. गरज काय होती?’

मास्तरने त्याच्या चष्म्याच्या काचांत स्वतःला बघितलं, दोनदा, लहान लहान. त्याने याला पाठीत एकही धपाटा घातला नव्हता. बापासारखं व्हायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून. याने बरोबर सांगितलं की तो खूश व्हायचा, बिडी पुढे करायचा. पंचवीस वर्षं तो त्याला आपली भुवई शिकवत होता. दुसऱ्या कुणाला विचारावं असं या शहरात कुणी आहे का, म्हणून त्याने मनात माणसं आठवायला सुरुवात केली आणि ती सगळी एका मागून एक स्मशानात जाऊन बसलेली सापडली.

इंजिनीअरबाई अकराच्या सुमारास आल्या, हातात कागदांची फाईल, केसांत पेन्सिल खोचलेली. बाई तरुण होत्या, कामसू होत्या, मास्तरला काका म्हणायच्या आणि मनापासून म्हणायच्या. वाईट माणूस असतं तर किती बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. मास्तरने सगळं सांगितलं, थाळ्यापासून. बाईंनी ऐकून घेतलं. मग त्याच्या समोर येऊन, त्याला तोंड दिसेल अशा उभ्या राहिल्या, हेसुद्धा त्यांना सुचलं.

‘काका, तुम्हाला ऐकू येत नाही, बरोबर?’

‘नाही येत.’

‘आणि हे दगड मेलेत, हे तुम्हाला कळलं.’

‘मनगटात कळलं.’

‘मग मी काय धरू, सांगा बरं. तुमचं कळणं खरं धरलं, तर तुमच्या खुणा खऱ्या. दोन महिने त्यावरच चाललंय सगळं. आणि तुमचं कळणंच गेलंय म्हणालात, तर मग हे आजचं तरी कशावरून खरं?’ त्या चेष्टा करत नव्हत्या. खरोखर विचारत होत्या, आणि त्यांच्या कपाळावर आठी होती. ‘यांनी पण ठोकून बघितलं ना? काय म्हणाले?’

चष्मेवाला फळीच्या टोकाशी उभा होता. मास्तरने त्याच्याकडे बघितलं. आता सांग. सांग की तुला येत नाही. चष्मेवाल्याचे ओठ उघडले, मिटले. घरी त्याची माणसं होती, पुढच्या कामावर त्याचं नाव मास्तरच्या जागी लागायचं होतं, आणि पंचवीस वर्षांचं खोटं एका सकाळी ओकायला सांगणं म्हणजे जरा जास्तच होतं, हे मास्तरला त्या क्षणीही समजलं.

‘चांगले बोलतायत,’ चष्मेवाला म्हणाला. ओठांवरून अगदी स्वच्छ वाचता आलं.

बाईंनी मास्तरच्या दंडाला हात लावला. ‘शेवटच्या दिवशी असं होतंच काका. मी पेपर देऊन आले की रात्रभर वाटायचं, आपण नावच लिहायला विसरलो. आणि पोरगी राहते ना तुमची इथे, म्हणून जास्त वाटतंय. तुमच्यासारखं काळजीने काम केलेलं मी कुणाचं बघितलं नाही.’ मग त्यांनी केसांतली पेन्सिल काढली, फाईलमध्ये काहीतरी लिहिलं आणि खालच्या माणसांना फळ्या सोडायची खूण केली. कागदावर मास्तरचं आयुष्यभराचं नाव मास्तरच्याच विरुद्ध साक्षीला उभं राहिलं होतं. त्याच्या बाजूने कोण होतं? एक मनगट.

घरी आला तेव्हा दुपार कलली होती. ट्रंका दाराशी रचलेल्या, नात सगळ्यात वरच्या ट्रंकेवर बसून बसच्या वाहकासारखी घंटी मारत असलेली, म्हणजे हात तरी तसा हलत होता. लेकीची आई खिडकीशी, त्याच्याकडे पाठ करून, चादर घडी करत होती. तिचे खांदे जरासे वर गेले. थांबले. मास्तर दोन पावलांत खोली ओलांडून तिच्या समोर जाऊन उभा राहिला, इतका जवळ की ती दचकली.

‘आत्ता काही म्हणालीस?’

तिने त्याच्याकडे बघितलं. ‘चहा ठेवू का, म्हटलं.’

‘आणि आधी? ही तीनचार वर्षं? बोलायचीस?’

‘बोलायचे,’ ती म्हणाली. ‘मग कंटाळले.’ तिने चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली, आणि दोघांनी मिळून घडी केली, कारण चादर मोठी होती आणि एकटीने होत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला कुठेतरी धरता आलं असतं.

लेकीला सांगायचं होतं, आणि त्याला दोन रस्ते दिसत होते. भिंत कच्ची आहे, जाऊ नकोस, एवढंच सांगायचं. म्हणजे ती कशावरून म्हणून विचारणार. नाहीतर कशावरून तेही सांगायचं. पहिल्याने ती ऐकणार नव्हती. दुसऱ्याने... दुसऱ्याचा त्याने पूर्ण विचार केला नाही. माणूस घाईत असला की खरं बोलतो आणि त्याला वाटतं, खरं बोललं की झालं.

‘बयो, खोलीवर जाऊ नका. इथेच राहा. भिंत पक्की नाही.’

‘बाबा, आता नवीन काय काढलंत?’ लेक दोरीची गाठ दातांनी ओढत होती. ‘सात माणसं असल्यासारखी पाच माणसं राहतोय आम्ही इथे. ह्यांना पाय लांब करता येत नाहीत, तुम्हाला खोकता येत नाही. अहो, तुम्हीच खुणा केल्यात ना? सगळ्या गल्लीला सांगत सुटलेय मी, माझ्या बाबांनी ठोकलीय म्हणून.’

‘त्या खुणा खोट्या आहेत. दांड्यावर ती ट्यूब होती ना, त्याने हाताला काही कळलंच नाही. मला कानाने ऐकू येत नाही, हाताने येतं, आणि हाताला—’

तो थांबला. लेकीचे हात थांबले होते. दोरीचं टोक तिच्या दातांतून सुटून खाली पडलं. तिने त्याच्या पिशवीकडे बघितलं, पिशवीतून डोकावणाऱ्या उघड्या दांड्याकडे. तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते त्याने आयुष्यात शेकडो वेळा दगडावर बघितलं होतं: आधी केसाएवढी रेघ, मग काहीच नाही, मग सगळं मिटल्यासारखं सपाट.

‘म्हणजे मी केलं,’ ती म्हणाली.

‘तसं नव्हे गं—’

‘तुमच्या हातातून रक्त येत होतं.’

‘हो. बरं वाटलं मला. खूप बरं वाटलं.’

‘मग झालं तर.’ तिने दोरी उचलली, ट्रंकेभोवती फिरवली आणि करकचून आवळली. ‘भिंत चांगली आहे. बाई चांगली म्हणतात, सगळे चांगली म्हणतात. तुम्ही थकलायत बाबा. कान दाखवून घ्या एकदा.’ त्यानंतर ती बोलत राहिली, पण ट्रंकांकडे वळून, आणि त्याला फक्त तिची पाठ दिसत राहिली, अगदी तिच्या आईसारखी. त्याला उशिरा कळलं, की एक तास आधी ही भिंत पक्की असो-नसो, लेकीला चाललं असतं. चार शिव्या देऊन का होईना, ती राहिली असती. आता तिला ती पक्की असायलाच हवी होती. त्याने तिला पळायला जागा ठेवली नव्हती. जो एक लांब दगड काढू नये, नेमका तोच त्याने काढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली उघडली. फळ्या गेल्यामुळे भिंत एकदम उंच आणि देखणी दिसत होती. काळे दगड, मधून चुन्याच्या पांढऱ्या बारीक दरजा, नवी वही आखल्यासारखी. अकरा खोल्यांची दारं सताड उघडी होती. माणसं बादल्या ओतत होती, गाद्या झटकत होती, एकमेकांना हाका मारत होती, आणि मास्तर आला तसे दोघेतिघे लगबगीने येऊन त्याचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवून गेले. तो त्यांना सांगत होता, भिंतीपासून लांब राहा. ते मान डोलावत होते, हसत होते. म्हाताऱ्या कारागिराला आपल्या कामाची काळजी वाटते, हे त्यांना फार गोड वाटत होतं. एकाने आपल्या मुलाला उचलून भिंतीवरच्या त्या ऐटदार पांढऱ्या रेघा दाखवल्या.

लेकीच्या दारासमोर तो थांबला आणि खालच्या एका दगडावर तळहात टेकून उभा राहिला. लेक बाहेर आली. तिने त्याच्याकडे बघितलं, वर भिंतीकडे बघितलं, आत गेली आणि घरातला मोठा हातोडा, एक वीतभर खिळा आणि स्टूल घेऊन आली. कपडे वाळत घालायची दोरी बांधायला भिंतीत खिळा लागतो. सगळ्यांनीच ठोकले होते, गल्लीच्या सुरुवातीपासून ओळीने. ती स्टुलावर चढली. खिळा दोन दगडांमधल्या दरजेत टेकवला आणि ठोकायला लागली, खाली त्याच्याकडे बघत, एकेक घाव मोजून मापून, बघा, बघा, असं म्हणत असल्यासारखी. म्हणतही असेल. नात तिच्या स्टुलाला धरून उभी होती.

पहिला घाव त्याच्या तळहातापर्यंत पोचला. चुना सगळे घाव एका दगडातून दुसऱ्यात नेतो, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. दुसरा. तिसरा. मुंग्या धावल्या नाहीत. दगडामागे जिथे काहीतरी असायला हवं, तिथे घाव जात होते आणि विहिरीत सोडलेल्या दोरीसारखे जात राहत होते. चौथा, पाचवा. मग आणखी एक गोष्ट हाताला लागली, अगदी बारीक: प्रत्येक घावानंतर, उशिराने, खूप आतून, वाळू घसरावी तसं काहीतरी. सहावा. घसरलं. सातवा. घसरलं.

‘बयो!’ तो ओरडला. निदान त्याला वाटलं की तो ओरडला. तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि हातोडा आणखी वर उचलला.

आठव्या घावाला, पुढचं ऐकायला नको म्हणून, त्याने भिंतीवरचा हात काढून घेतला आणि खिशात घातला. मग कसलाच आवाज राहिला नाही. ती अजून ठोकत होती.